पावसाचा दिवस साडेआठला उजाडतो

हवामान केंद्राचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा सुरू केलं की ते बहुतेक वेळा अमेरिकेच्या मापांत बोलतं. तापमान फॅरनहाइटमध्ये, पाऊस इंचांत, वारा ताशी मैलांत, हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत, आणि तारखेत आधी महिना, मग दिवस. ही यंत्रं जिथं घडली तिथली ती रोजची मापं आहेत, त्यात वावगं काही नाही. बसवणारा माणूस सेटिंगच्या पानावर जातो, ‘मेट्रिक’ या शब्दापुढच्या गोलावर टिचकी मारतो आणि काम संपलं म्हणून हत्यारं पिशवीत भरतो. माझ्या मते खरं काम तिथून पुढं सुरू होतं. कोणता आकडा कोणत्या मापात, किती दशांशांपर्यंत, कोणत्या तारखेखाली आणि कुणासाठी दाखवायचा, हे ठरवणं म्हणजे त्या आकड्यावर कोण काय निर्णय घेणार, हे ठरवणं आहे.

वारंगा फाटा हे कळमनुरी तालुक्यातलं तिठ्याचं गाव. नांदेडहून हिंगोलीला जाणारा रस्ता आणि नागपूरकडून यवतमाळ, उमरखेड, हदगाव करत येणारा रस्ता इथं एकमेकांना मिळतात. बाहेरच्या माणसाला फाटा आठवतो तो खिचडीमुळं. गाड्या थांबतात, प्लेटा भरतात, गाड्या निघून जातात. आमच्यासाठी मात्र हा सगळ्या शिवारांचा नाका आहे. डोंगरकड्याकडची केळी, आखाडा बाळापूरकडचं सोयाबीन, कापूस, ऊस आणि जिकडंतिकडं हळद. बियाणं, खत, औषध घ्यायला, वसमतला किंवा हिंगोलीला हळद घेऊन जाताना, माणूस इथं थांबतोच. म्हणून शेतातल्या खांबावर बसवलेल्या माझ्या लहानशा केंद्राचे आकडे फाट्यावरच्या एका ओळखीच्या कृषी सेवा केंद्रातल्या पडद्यावर दिसतात. तिथं येणारा प्रत्येक जण वेगळा प्रश्न घेऊन येतो, आणि त्या प्रश्नांनीच मला ते सेटिंगचं पान नीट वाचायला लावलं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न सगळ्यात अवघड आहे.

“गुरुजी, काल पाणी किती झालं?”

अवघड आहे ते त्यातलं ‘काल’. सॉफ्टवेअरचा दिवस मध्यरात्री बदलतो. घड्याळात बारा वाजले की पावसाचा आकडा शून्यावर येतो आणि नवी तारीख लागते. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस मात्र सकाळी साडेआठला बदलतो. आदल्या सकाळी साडेआठपासून आजच्या सकाळी साडेआठपर्यंत जे पडलं, ते सगळं आजच्या तारखेखाली लिहिलं जातं. साडेआठच का? जगभरातली हवामान केंद्रं एकाच क्षणी नोंदी घेतात, आणि ते क्षण ग्रिनिचच्या घड्याळानं दर तीन तासांनी ठरलेले आहेत. तिथं पहाटेचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडं साडेआठ झालेले असतात. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढं असल्यामुळं तो अर्धा तास आपल्या वाट्याला आला. ब्रिटनमध्ये पाऊस सकाळी नऊला मोजायची रीत आहे. म्हणून तिकडं जन्मलेल्या ‘क्युम्युलस’ या सॉफ्टवेअरमध्ये दिवस बदलायला मध्यरात्र किंवा सकाळचे नऊ असे पर्याय मिळतात. साडेआठ हवे असतील तर दर काही मिनिटांच्या कच्च्या नोंदी घेऊन बेरीज आपल्याला स्वतः मांडावी लागते.

हा हिशोब करणाऱ्यांचा हौशी वाद वाटेल, पण तसं नाही. मराठवाड्यातला मोठा पाऊस पुष्कळदा संध्याकाळी उठतो आणि रात्रभर चालतो. समजा, रात्री दहाला सुरू झालेल्या पावसानं बाराच्या आत ४० मिलिमीटर पाणी टाकलं आणि बारानंतर पहाटेपर्यंत आणखी ३०. सॉफ्टवेअर म्हणेल, काल ४०, आज ३०. सरकारी नोंद म्हणेल, आज ७०. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरतात; त्यानंतर पंचनामे, आणि ३३ टक्के किंवा अधिक नुकसान असेल तर मदत. एकाच ढगातून, एकाच रात्री, एकाच वावरात पडलेलं पाणी पडद्यावर दोन साध्या पावसांत वाटलं जातं आणि मंडळाच्या यादीत अतिवृष्टी होतं. उलटही घडतं: पहाटे चार ते दुपारी बारा पडलेला पाऊस सॉफ्टवेअरला एका दिवसाचा दिसतो, यादीत तो दोन तारखांवर जातो.

माझ्या केंद्राच्या आकड्याला सरकारदरबारी वजन नाही, हे मी आलेल्या प्रत्येकाला सांगतो. मंडळाचा आकडा मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचाच. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळाच्या पातळीवर अशी दोन हजारांहून अधिक केंद्रं उभी राहिली. त्याआधीच्या काळाशी तुलना केली तर हे फार मोठं काम आहे. पण एका मंडळात कितीतरी गावं येतात, आणि आमच्याकडचा पाऊस बांधाच्या या अंगाला पडतो नि त्या अंगाला पडत नाही. ज्या शेतकऱ्याला आपल्या शिवारातला आकडा मंडळाच्या आकड्याशेजारी ठेवून काही विचारायचं आहे, त्याला निदान दोन्ही आकडे एकाच चोवीस तासांचे मिळायला हवेत. नाहीतर प्रश्न विचारण्याआधीच तो खोटा पडतो. म्हणून पडद्यावर ‘आज’ आणि ‘काल’ हे शब्द मी नुसते, वेळेशिवाय ठेवलेच नाहीत. तिथं लिहिलंय: ‘काल सकाळी ८.३० ते आज सकाळी ८.३०’. ओळ लांबते, जागा खाते, पण वाचणाऱ्याला कशाची बेरीज आहे ते कळतं. त्याखाली ‘आज सकाळी ८.३० पासून आतापर्यंत’. एवढ्या दोन ओळींनी अर्धी भांडणं मिटली.

आता दशांशाचं बघा. हवामान विभागाच्या वर्गवारीत जोरदार पाऊस म्हणजे ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, अति जोरदार ११५.६ ते २०४.४, आणि त्यापुढं अत्यंत जोरदार. हे असे अर्धेमुर्धे आकडे कुठून आले असतील? विभागाच्या पत्रकांत पाऊस सेंटिमीटरमध्ये, पूर्णांकात देण्याची पद्धत आहे: ७ ते ११ सेंटिमीटर, १२ ते २०, आणि २१ पासून पुढं. पूर्णांक करताना जिथं आकडा वर सरकतो, तिथंच त्या सीमा उभ्या आहेत. ‘पावसाचा दिवस’ म्हणायला किमान २.५ मिलिमीटर पाऊस लागतो, त्याचंही तसंच. मेट्रिकच्या आधी पाऊस इंचांत आणि इंचाच्या शंभराव्या भागांत, सेंटांत मोजत. दहा सेंट म्हणजे २.५४ मिलिमीटर. माप बदललं, इंच गेला, त्याची वेस तशीच राहिली. कुणीतरी फार पूर्वी आकडा कसा लिहायचा हे ठरवलं आणि पुढच्या सगळ्यांचा पाऊस त्या लिहिण्याच्या रीतीनं हलका किंवा जोरदार ठरत आला.

त्यामुळं दशांशाची एक जागा ठेवायची की नाही, हे मी शोभेचं मानत नाही. दशांश काढून टाकला तर ६४.६ पडद्यावर ६५ दिसतो आणि माणूस अतिवृष्टी झाली म्हणत घरी जातो. दोन जागा ठेवल्या तरी खोटंच. लहान केंद्रातल्या पर्जन्यमापकात दोन कप्प्यांची एक छोटी तराजू असते. एक कप्पा भरला की कलंडतो, पाणी सांडतो आणि दुसरा कप्पा नळीखाली येतो. प्रत्येक कलंडण्याला एक मोजणी. मेट्रिक मापकात ती मोजणी ०.२ मिलिमीटरची असते. अशा यंत्राच्या नोंदीत १२.३७ हा आकडा येऊच शकत नाही; कुठं दिसला तर तो भागाकारानं जन्माला आलेला असतो. तापमानाचंही तेच. ज्या सेन्सरची चूक दोन्ही बाजूंना ०.३ अंशांपर्यंत जाऊ शकते, त्याचा आकडा ४२.३७ असा छापणं म्हणजे आपल्याजवळ नसलेली अचूकता दाखवणं. एक दशांश, बस.

त्या कलंडणाऱ्या कप्प्यावर थोडं थांबायला हवं, कारण सेटिंगच्या पानावरचा सगळ्यात घातक रकाना त्याचाच आहे. अमेरिकन मापक इंचाच्या शंभराव्या भागाला, म्हणजे ०.२५४ मिलिमीटरला कलंडतो. मेट्रिक मापक ०.२ ला. सॉफ्टवेअरला कलंडण्याची फक्त संख्या कळते. एका कलंडण्याची किंमत किती, हे आपण त्याला सांगायचं असतं. खांबावर ०.२ चा मापक आणि पानावर ०.०१ इंच अशी निवड असेल, तर प्रत्यक्ष ५१.२ मिलिमीटर पाऊस पडल्यावर कप्पा २५६ वेळा कलंडतो आणि पडद्यावर ६५ मिलिमीटर येतात. नेमके ६५! मापं ‘मिलिमीटर’ दिसत असतात, आलेख नीट चढत असतो, कुणाला शंका येण्याचं काही कारण नसतं. दाखवण्याचं माप आणि मोजण्याचं माप या दोन वेगळ्या निवडी आहेत, हे ज्याला कळलं नाही, त्याच्या पडद्यावरचा पाऊस पंचवीस टक्क्यांहून जास्त फुगलेला राहतो. ताडून पाहायची रीत सोपी आहे. मोजून घेतलेलं पाणी थेंब थेंब नरसाळ्यात सोडायचं, कलंडणं मोजायचं, आणि सोडलेल्या पाण्याला नरसाळ्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळानं आणि कलंडण्याच्या संख्येनं भागायचं. शाळेतल्या सातवी-आठवीच्या पोरांना हे करायला दिलं तर ती दुपारभर हलत नाहीत.

याच्या बरोबर उलट बाजूचं, चांगलं उदाहरणही सॉफ्टवेअरमध्येच आहे. टॉम केफर यांनी लिहिलेल्या ‘वी-डब्ल्यूएक्स’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नोंदीच्या प्रत्येक ओळीत मापपद्धतीचा एक रकाना असतो. त्यात १ असेल तर ती ओळ अमेरिकन मापांतली, १६ असेल तर मेट्रिक, १७ असेल तर मेट्रिकचाच दुसरा प्रकार. १६ मध्ये पाऊस सेंटिमीटरमध्ये आणि वारा ताशी किलोमीटरमध्ये, १७ मध्ये पाऊस मिलिमीटरमध्ये आणि वारा सेकंदाला मीटरमध्ये. एकदा नोंदी सुरू झाल्या की ही पद्धत मध्येच बदलायची नाही, असा तिथं सक्त नियम आहे. दाखवण्याची मापं मात्र वेगळ्या फाइलीत, हवी तेव्हा बदला. वेळही तशीच: १ जानेवारी १९७० पासून सरलेले सेकंद एवढंच साठवतात, तारीख कुठल्या रूपात दाखवायची ते नंतरचं. मला ही रचना मनापासून आवडते. नोंद एकाच मापात निश्चल राहते, आणि ज्याला जशी समजेल तशी ती सांगता येते. ओळ स्वतःचं माप सोबत घेऊन फिरते, त्यामुळं पन्नास वर्षांनी ती उघडणाऱ्यालाही आज मी काय निवडलं होतं हे विचारायला कुणाला शोधावं लागणार नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागू नये. निजामाच्या राज्यात आपलं वर्ष फसली होतं. ते ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. नाणं हाली शिक्का. त्याचे सात रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा. वऱ्हाडात जाताना, पैनगंगा ओलांडली की तारीख, नाणं, सगळंच बदलायचं. आजही जुना उतारा हातात घेतला की पहिला प्रश्न हाच पडतो: हे साल कोणतं? पुढं १९५७ मध्ये दशमान नाणी आली, मग किलो, लिटर, मीटर आले. बाजारात हळद क्विंटलनं विकली जाते, तरी वावर एकर-गुंठ्यांत सांगितलं जातं आणि सातबाऱ्यावर ते हेक्टर-आरमध्ये लिहिलं जातं. दोन मापांत एकाच वेळी जगायला हा मुलूख कधी घाबरला नाही. त्याला फक्त समोरचा आकडा कशाचा आहे, हे सांगितलेलं लागतं.

वाऱ्याच्या बाबतीत ते कुणी सांगत नाही. ‘मेट्रिक’ निवडलं की काही सॉफ्टवेअर वारा सेकंदाला मीटरमध्ये दाखवतात, काही ताशी किलोमीटरमध्ये. चक्रीवादळाच्या बातमीत तो नॉटमध्येही असतो. डोंगरकड्याच्या केळीवाल्याच्या डोक्यात ताशी किलोमीटर असतात, कारण हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी वाऱ्याची वेस ताशी ४० किलोमीटर धरलेली आहे. सेकंदाला मीटरमध्ये तोच वारा ११.१ होतो. घड लागलेली बाग उभी असताना पडद्यावर ‘वारा ११’ वाचलेला माणूस निश्चिंत होतो, ‘वारा ४०’ वाचलेला टेकू बघायला पळतो. दुसरी गोष्ट, सरासरी आणि झोत. दहा मिनिटांची सरासरी ताशी १८ किलोमीटर असताना मधला एक झोत ४५ चा असू शकतो, आणि केळीचं झाड मोडतो तो झोत. फवारणी करणाऱ्याला मात्र सरासरीच हवी. ती ताशी पंधराच्या पुढं गेली की औषध शेजारच्या वावरात उडतं. म्हणून दोन्ही, वेगवेगळ्या ओळीत, नावासकट. आणि वाऱ्याचा मापक किती उंचीवर आहे तेही. हवामान विभागाची प्रमाण उंची १० मीटर. त्याहून खाली बसवलेला मापक झाडाझुडपांमुळं वारा कमीच सांगणार. माझा मापक त्या उंचीवर नाही, आणि ते पडद्यावर तसं लिहिलेलं आहे.

तापमानाला मला फारसं काही करावं लागलं नाही. एक गंमत मात्र इथं रोज दिसते. घरात पोराला ताप आला की आई १०२ म्हणते, आणि बाहेर ऊन किती विचारलं तर तीच ४३ म्हणते. कुणाचा गोंधळ होत नाही. दोन मोजपट्ट्या, दोन कामं. स्वतः अँडर्स सेल्सियस यांनी १७४२ मध्ये मांडलेल्या पट्टीत पाणी शून्याला उकळत होतं आणि शंभराला गोठत होतं; त्यांच्यामागं ती उलटी करून आज आपण वापरतो तशी झाली. माप माणसांनी ठरवलेलं असतं आणि वापरून वापरून ते अंगी लागतं, एवढंच. हवेच्या दाबाचं तर आमच्याकडं कुणी विचारतच नाही. तरी समुद्रसपाटीपासूनची उंची नीट भरून ठेवावी लागते. फाटा चारशे मीटरच्या आसपास आहे, आणि त्या उंचीनं दाब चाळीस-पन्नास हेक्टोपास्कलनं कमी भरतो. ती दुरुस्ती न करता नांदेडच्या आकड्याशी तुलना केली तर आमच्यावर कायम वादळ घोंघावतंय असं वाटेल.

पेरणीच्या दिवसांत पडद्यापुढं गर्दी होते, आणि तेव्हा कुणालाही चोवीस तासांचा आकडा नको असतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला दरवर्षी असतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. म्हणजे हवी ती १ जूनपासूनची बेरीज. सॉफ्टवेअरचं पावसाचं वर्ष मुळात १ जानेवारीला सुरू होतं. तसंच ठेवलं तर फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आणि अवकाळी त्यात मिसळते आणि आकडा साठ-सत्तरवर जाऊन बसतो. जमीन तेव्हाची कोरडी पडलेली असते. एक महिन्याचा क्रमांक बदलायचा, १ च्या जागी ६, इतकंच ते काम. पण दुबार पेरणीचं बियाणं कितीला पडतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या एका आकड्याचं वजन कळेल.

बेरजेशेजारी मी आणखी एक रकाना केला, नक्षत्राचा. आमच्याकडं जून-जुलै असं पावसाचं कुणी सांगत नाही. रोहिणी बरसली का, मृग कोरडा गेला का, आर्द्रात पेरलं का, असं विचारतात. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. मृग लागतं ७ किंवा ८ जूनच्या सुमारास. पंचांगातून त्या वर्षीच्या तारखा घेऊन एका छोट्या तक्त्यात भरल्या की नक्षत्रवार बेरीज आपोआप निघते. हा रकाना कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळणार नाही. पण फाट्यावर तोच सगळ्यात जास्त वाचला जातो. एक वयस्कर मामा पडद्यापुढं उभे राहून म्हणाले, “मघात झालेलं हे पाणी मला आठवतं. आकडा पहिल्यांदा बघायलो.” त्यांच्या आठवणीला आणि मिलिमीटरला एका ओळीत बसवता आलं, याचा मला आनंद आहे. तारखेचं रूपही याच कारणासाठी बदललं. ६/७ वाचून कुणाला सहा जुलै वाटतो, कुणाला सात जून. मृगाच्या तोंडावर हा एक महिन्याचा फरक चालत नाही. म्हणून महिना अक्षरात: ७ जून.

शून्याविषयी सांगायचं राहिलं, आणि माझ्या लेखी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. फेब्रुवारी ते एप्रिल हा हळद शिजवायचा आणि वाळवायचा काळ. उघड्या खळ्यावर शिजलेली हळद पसरलेली असते आणि तिला भिजणं मानवत नाही. अशा वेळी ०.२ हा आकडासुद्धा मोठा असतो. शेतातल्या केंद्राचा फाट्याशी संपर्क तुटला, बॅटरी उतरली, नरसाळ्यात कोळ्यानं जाळं विणलं किंवा पाखरानं काडी टाकली, तर पडद्यावर काय दिसावं? बरीच सॉफ्टवेअरं अशा वेळी ०.० दाखवून मोकळी होतात. खळ्यावरचा माणूस ०.० वाचतो आणि ताडपत्री घडी घालून ठेवतो. पाऊस पडला नाही आणि पाऊस पडला की नाही हे माहीत नाही, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. संपर्क नसेल तेव्हा माझ्या पडद्यावर आकड्याच्या जागी ‘नोंद नाही’ असं येतं आणि शेवटची नोंद किती वाजताची, ते खाली. नरसाळं तुंबल्याचं मात्र सॉफ्टवेअरला कळत नाही. हवेतली आर्द्रता शंभराजवळ, पारा झपाट्यानं उतरलेला आणि पाऊस शून्य, असं दिसलं की शेतात जाऊन बघायचं, एवढाच उपाय. वार्षिक बेरजेतही न मोजलेले दिवस शून्य धरून मिसळायचे नाहीत. किती दिवसांची नोंद नाही, ते बेरजेशेजारी लिहायचं.

ठिबकवाल्यांसाठी एक रूपांतर मुद्दाम केलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकरात साधारण ४०४७ चौरस मीटर. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस एकराला चार हजार लिटरांहून थोडा जास्त. ६५ मिलिमीटरची रात्र एकेका एकरावर दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर ओतून जाते. हिशोब पाहून तरुण पोरं गप्प होतात, कारण उन्हाळ्यात टँकरचं पाणी लिटरांत मोजलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. उलट दिशेनंही हे उपयोगी पडतं. जमिनीतून आणि पानांतून उडून जाणारं पाणी सॉफ्टवेअर मिलिमीटरमध्येच काढतं. एप्रिलमध्ये ते दिवसाला सहा आलं, तर एकराला चोवीस हजार लिटर. ठिबकचा व्हॉल्व्ह किती तास उघडायचा हे त्या लिटरांतून ठरतं, मिलिमीटरातून कुणाला ते उमगत नाही. हीच तऱ्हा ईसापूर धरणाच्या पत्रकात असते. पैनगंगेत सोडलेलं पाणी तिथं क्युसेकमध्ये लिहितात आणि शेजारी क्युमेकमध्ये. एक क्युमेक म्हणजे ३५ क्युसेकांहून थोडं अधिक. काठावरच्या गावाला क्युसेकची सवय आहे, अभियंत्याला दुसऱ्याची गरज आहे, आणि पत्रक दोघांनाही पाठ दाखवत नाही. मला ते पत्रक आदर्श वाटतं.

आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारनं तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनहूनही कितीतरी लहान हालचाल तिथं मोजली जाईल. जिल्ह्याला याचा अभिमान आहे, मलाही आहे. त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आपल्या बांधावर पडलेला पाऊस बरोबर तारखेखाली वाचता यावा, हीही मोजमापाचीच प्रतिष्ठा आहे असं मी मानतो.

येत्या पावसाळ्याआधी पडद्यावर एक ओळ वाढवायची आहे, पावसाच्या जोराची. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात रात्रीतून पाणी शिरलं. अशा रात्री चोवीस तासांची बेरीज सकाळी कळून उपयोगाची नसते. गेल्या तासात किती मिलिमीटर पडलं, हे त्याच तासात दिसायला हवं. सॉफ्टवेअरमध्ये पावसाचा दर असतो, पण तो दोन कलंडण्यांमधल्या वेळावरून काढलेला, क्षणाक्षणाला उड्या मारणारा; एका सरीला १२० दाखवतो आणि पाच मिनिटांत ४ वर येतो. त्यावरून ओढ्याकाठच्या माणसाला गुरं सोडायला सांगता येत नाही. मला हवी आहे सरत्या साठ मिनिटांची आणि सरत्या तीन तासांची बेरीज, मिलिमीटरमध्ये, एका दशांशापर्यंत, वेळेसकट. तासाला किती झालं की फोन करायचा, ती वेस अजून ठरलेली नाही. ओढ्याकाठी राहणाऱ्या दोघातिघांना मी त्यासाठी विचारतो आहे. कोणत्या पावसात पाणी पुलाला लागलं होतं, ते त्यांना नक्षत्रासकट आठवतं, आणि त्या रात्रींच्या कच्च्या नोंदी माझ्याजवळ आहेत.